वडावरचा यक्ष : चॅटबॉट, इतिहास आणि आप्तवाक्याचा प्रश्न

१

भारतीय प्रमाणचर्चेत ‘ऐतिह्य’ नावाचे एक दुबळे प्रमाण आहे. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचे ठरीव उदाहरण. गावातले लोक असे म्हणतात, त्यांचे वाडवडीलही तसेच म्हणत आले. परंतु यक्ष प्रथम कोणी पाहिला, पाहणारा विश्वासार्ह होता की नव्हता, त्याने तो दिवसाच्या उजेडात पाहिला की रात्रीच्या भयात, यांपैकी काहीच सांगता येत नाही. वात्स्यायनाने न्यायभाष्यात ऐतिह्याचे लक्षण सांगताना नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. ज्याचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाही अशी प्रवादाची परंपरा म्हणजे ऐतिह्य. पौराणिकांनी त्याला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला. नैयायिकांनी त्याचा समावेश शब्दप्रमाणात केला. आणि वाचस्पतिमिश्राने सांख्यतत्त्वकौमुदीत या प्रश्नाचा निकाल अधिक काटेकोरपणे लावला. वक्ता अनिर्दिष्ट असेल तर असे विधान संशयास्पदच राहते. आणि मूळ वक्ता आप्त होता असा निश्चय झाला, तर ते विधान आप्तवचनच ठरते. दोहोंपैकी कोणत्याही पक्षी ऐतिह्याला स्वतःची अशी जागा उरत नाही.

‘इतिहास’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘इति ह आस’, म्हणजे ‘असे खरोखर होते’, अशी सांगतात. ‘ऐतिह्य’ हा शब्दही त्याच ‘इति ह’मधून आला आहे. एका अर्थी हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. आणि विद्याशाखा या नात्याने इतिहासाची सगळी धडपड या भावापासून वेगळे होण्याची आहे, असे म्हणता येईल. ‘असे म्हणतात’ या पायरीवरून ‘अमुक म्हणतो, अमुक वेळी म्हणतो, अमुक कारणाने म्हणतो’ या पायरीवर येणे म्हणजे इतिहासलेखन.

ही जुनी चर्चा आज पुन्हा उकरून काढण्याचे कारण अगदी ताजे आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे संवादयंत्र सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर तशीच अनेक यंत्रे आली, आणि भूतकाळाविषयीचा प्रश्न ग्रंथपालाला, शिक्षकाला किंवा ग्रंथाच्या सूचीला न विचारता यंत्राला विचारण्याची सवय पाहता पाहता रुजली. या सवयीविषयी जी चर्चा होते ती बहुधा एकाच मुद्द्याभोवती फिरते : यंत्राची उत्तरे बरोबर असतात की चूक? हा मुद्दा महत्त्वाचा आहेच. परंतु प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने तो दुय्यम आहे. चुका दुरुस्त होऊ शकतात, आणि यंत्रे दिवसेंदिवस कमी चुका करू लागतील असे मानायलाही हरकत नाही. त्यानंतरही उरणारा प्रश्न वेगळा आहे. जे विधान कोणाचेच नाही ते खरे असले तरी त्याला इतिहासाचे ज्ञान म्हणता येईल काय? आणि असे विधान स्वीकारताना आपण, म्हणजे वाचक, कोणती नैतिक जबाबदारी अंगाबाहेर टाकीत असतो?

२

प्रथम यंत्राचे वाक्य घडते कसे, हे पाहिले पाहिजे. चॅटबॉटच्या मुळाशी जे भाषेचे प्रतिमान असते, ते प्रचंड लिखित सामग्रीवरून एवढेच शिकते की अमुक शब्दखंडांच्या मागून कोणता शब्दखंड येण्याचा संभव किती. या संभवाच्या आधारे एकेक खंड जोडीत उत्तर तयार होते. पुढे माणसांनी दिलेल्या पसंतीच्या शेऱ्यांवरून त्याला उपयुक्त, सौम्य आणि संभावित बोलण्याचे वळण लावले जाते. या साऱ्या घडणीत सत्याचा प्रवेश होतो तो आडवाटेने. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली हे यंत्र बरोबर सांगते, कारण असंख्य माणसांनी ते तसेच लिहून ठेवले आहे. परंतु ज्या विषयावर चारच माणसांनी लिहिले आहे, किंवा ज्यावरचा कागद अजून मोडी लिपीत आणि रुमालातच आहे, त्याविषयी विचारले तरी येणाऱ्या वाक्याचा पोत पुष्कळदा तसाच गुळगुळीत असतो.

साहित्याच्या अभ्यासकाला जाणवली पाहिजे ती गोष्ट हीच आहे. इतिहासकाराच्या गद्याला एक श्रेणीव्यवस्था असते. ‘असे दिसते’, ‘असे अनुमान करता येते’, ‘येथे कागद मुका आहे’ ही केवळ शैलीची वळणे नव्हेत. प्रत्येक विधानाला मागे किती आधार आहे याचा तो हिशेब असतो. जुन्या पत्रांचा संपादक फाटलेल्या जागी टिंबे देतो आणि पुढे जातो. ती टिंबे हा त्याच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत बोलका भाग. यंत्राच्या गद्यातही ‘बहुधा’ येते, ‘इतिहासकारांच्या मते’ येते. पण ते इतिहासकार कोण, हे विचारले की पायाखालची जमीन हलू लागते. फाटलेली जागा भरून काढणे हाच ज्याचा स्वभाव, त्याला टिंबे देणे अवघड जाते.

पानिपतचेच उदाहरण पुढे चालवू. या लढाईसंबंधीचे एक प्रमुख साधन म्हणजे काशीराज पंडिताचा फारसी वृत्तान्त. काशीराज मूळचा दक्षिणी, नोकरीला शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. त्या छावणीत स्वतः हजर असलेला. आणि वृत्तान्त लिहितो तो सुमारे दोन दशकांनंतर. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि पुष्कळांनी तोच वाचला. म्हणजे त्याच्या प्रत्येक विधानाबरोबर निदान चार प्रश्न चालत येतात : त्याने स्वतः काय पाहिले, कोणाच्या मिठाला जागून लिहिले, वीस वर्षांत काय विसरला, आणि अनुवादात काय बदलले. दुसऱ्या बाजूला मराठ्यांची पत्रे आहेत, बखरी आहेत. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध करताना विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी प्रस्तावनेत बखरींना पत्रांच्या कसोटीवर घासून पाहिले, आणि बखरकारांनी स्थळकाळाचा कसा गोंधळ घातला आहे ते दाखवून दिले. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी याच युद्धाची नव्याने चिकित्सा केली. या परंपरेत मृतांचा आकडा हा केवळ आकडा नसतो. तो काशीराजाचा आकडा असतो, किंवा बखरीचा असतो. यंत्राच्या उत्तरात अनेकदा हे षष्ठी विभक्तीचे प्रत्ययच गळून पडतात आणि आकडा तेवढा उरतो.

आज काही यंत्रे महाजालावर शोध घेऊन उत्तराला आधाराचे दुवे जोडतात, हे मान्य केले पाहिजे. ही सुधारणाच आहे. मात्र तिचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. दुवा उघडून मूळ मजकूर वाचणाऱ्याला यंत्राने सूचीचे काम करून दिले. त्याच्या दृष्टीने प्रमाण तो मजकूर, यंत्राचे वाक्य नव्हे. जो दुवा उघडीत नाही त्याच्यासाठी तो दुवा केवळ अलंकार आहे. त्या दुव्याच्या टोकाला खरोखर तेच विधान आहे की नाही, हे त्याने पाहिलेलेच नसते.

३

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो साहित्यसमीक्षेच्या अंगणातूनच येणारा आहे. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवली. १९६९ मध्ये फूकोने लेखक ही व्यक्ती नसून ते एक कार्य आहे असे प्रतिपादन केले आणि बोलणारा कोण याविषयीची उदासीनता हे समकालीन लेखनाचे लक्षण मानले. संहिता म्हणजे असंख्य पूर्वसंहितांच्या धाग्यांचे विणकाम, हे आपण गेली कित्येक दशके वर्गावर्गातून शिकवीत आलो. मग आता खरोखरच लेखक नसलेली, केवळ अवतरणचिन्हे गळालेल्या पूर्वसंहितांतून विणलेली संहिता समोर आली, तर आपण वक्त्याच्या नावाने गळा का काढावा?

या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी पुन्हा आपल्याच परंपरेतील एका वादाकडे वळणे उपयुक्त ठरेल. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले, त्यामागे एक अत्यंत तर्कशुद्ध युक्ती होती. शब्दात दोष येतो तो वक्त्याच्या दोषामुळे : त्याचा भ्रम, त्याची असावधानता, त्याची फसविण्याची इच्छा. जेथे वक्ताच नाही तेथे दोषाला आश्रय नाही. म्हणून ते वचन स्वतःप्रमाण. नैयायिकांनी या युक्तीला उलट बाजूने पकडले. दोषाप्रमाणे गुणही वक्त्याच्याच आश्रयाने राहतात. वस्तूचे यथार्थ ज्ञान, ते ज्ञान जसेच्या तसे दुसऱ्याला देण्याची इच्छा, यांमुळे वचन प्रमाण होते. वक्ता काढून टाकला की दोषाबरोबर प्रामाण्याचे कारणही जाते.

चॅटबॉटचा सामान्य उपयोजक नकळत मीमांसकाची भूमिका घेत असतो. ग्रंथकार पक्षपाती असतो, शिक्षकाला त्याची जात असते, वर्तमानपत्राला मालक असतो. यंत्राला यांतले काही नाही, म्हणून यंत्र निःपक्षपाती, असा हा भाबडा युक्तिवाद. परंतु यंत्राचे वचन अपौरुषेयही नाही. ते बहुपौरुषेय आहे. लक्षावधी माणसांनी, आपापल्या भ्रमांसह आणि हितसंबंधांसह, जे लिहिले त्याचा तो अर्क; फक्त त्यातील पुरुषांची नावे धुऊन काढलेली. शिवाय त्या सामग्रीत इंग्रजीचा वाटा अवाढव्य आणि मराठीचा अल्प, हे ध्यानात घेतले म्हणजे मराठीतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळदा इंग्रजी ग्रंथव्यवहाराच्या चष्म्यातून येत असणार, हे उघड आहे. वक्त्याचे दोष कायम आहेत. नाहीशी झाली आहे ती दोष ओळखण्याची सोय.

बार्थच्या मांडणीत लेखकाचे मरण हे वाचकाच्या जन्माचे मोल होते. लेखकाच्या हेतूची सत्ता झुगारून वाचकाने संहितेतील अर्थांची मोकळेपणाने जुळणी करावी, ही त्यामागची आकांक्षा. यंत्राच्या संहितेपुढे वाचक जन्मतो काय? संहिता येथे वाचकाच्या प्रश्नाच्याच मापाने बेतून दिली जाते. त्याच्या शब्दांतले गृहीतक बहुधा तसेच ठेवून, त्याच्याच कलाने. ज्या संहितेत वाचकाला ठेच लागत नाही ती त्याला काही शिकवीतही नाही. बाख्तीनच्या परिभाषेत सांगायचे तर येथे परक्यांचे शब्द आहेत, पण परका आवाज नाही. आणि भूतकाळ हा तर आपल्याला भेटणारा सर्वांत परका आवाज असतो.

४

याच्या उलट दिशेने दुसरा आक्षेप येऊ शकेल. आपल्या परंपरेत वक्ता तरी कोठे नेहमी निश्चित होता? अभंगांच्या गाथांत प्रक्षेप आहेत; नामदेवाच्या नावावर एकाहून अधिक नामदेवांची रचना आहे; बखरी दंतकथांनी भरलेल्या आहेत; पोवाडे तर फडावर उभे राहून रंगविलेले. मग यंत्रालाच हा कडक न्याय का?

आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. निष्कर्ष मात्र उलटा काढला पाहिजे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही कर्तृत्वाची हमी नव्हे, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु ती मुद्रा असते म्हणूनच ‘हा नामा कोणता?’ हा प्रश्न विचारता येतो. म्हणूनच विष्णुदास नामा वेगळा काढता येतो. भाषा, काळ आणि संप्रदाय यांच्या आधारे गाथेची चिकित्सा संभवते. नाव हे प्रामाण्य नव्हे, ते चिकित्सेचे दार आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिले, तेव्हा त्या बखरीत कोण, कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी बोलतो हे कळते. शिवाजी महाराजांच्या पदरी राहिलेला एक वृद्ध सेवक, संकटात सापडलेल्या त्यांच्या पुत्राला, वडिलांची थोरवी सांगत आहे. ही चौकट कळली म्हणजे सभासदाची अतिशयोक्तीसुद्धा ऐतिहासिक पुरावा बनते. घटनेचा नसेल, पण त्या घटनेकडे पाहणाऱ्या मनाचा. यंत्राची अतिशयोक्ती कशाचा पुरावा होणार?

ऐतिहासिक कादंबरीविषयीही हेच म्हणता येईल. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने किंवा विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी कल्पित संवाद घातले, आणि अशा स्वातंत्र्याच्या मर्यादांवर मराठीत कडाक्याचे वाद झाले. ते वाद होऊ शकले, कारण मुखपृष्ठावर लेखकाचे नाव होते आणि ‘कादंबरी’ हा करार वाचकाशी उघडपणे झालेला होता. ‘श्रीमान योगी’ला तर नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे. तिच्यामुळे इतिहासाने उभे केलेले प्रश्न आणि कादंबरीने केलेली निवड ही दोन्ही एकाच ग्रंथात वाचकासमोर येतात. चॅटबॉटच्या उत्तरात हा करारच संदिग्ध असतो. एकाच परिच्छेदात, एकाच सुरात, कोशातील नोंद, शालेय पाठ्यपुस्तकातील गोषवारा, कादंबरीतील प्रसंग आणि केवळ संभाव्य म्हणून सुचलेले वाक्य शेजारी शेजारी बसू शकतात. रूपबंधांच्या सीमा पुसल्या जाणे हे सर्जनशील लेखनात मुक्तीचे चिन्ह असेल; साक्षीच्या क्षेत्रात मात्र तो साक्षीचाच लोप आहे.

५

हा प्रश्न ज्ञानमीमांसेपुरता मर्यादित नाही, तो नैतिकही आहे, हे एका प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीवरून अधिक स्पष्ट होईल. जानेवारी २०२३ मध्ये ‘हिस्टॉरिकल फिगर्स’ या नावाचे एक उपयोजन चर्चेत आले. इतिहासातील हजारो व्यक्तींशी संवाद साधण्याची सोय त्यात होती. त्यांत नाझी राजवटीतील अधिकारीही होते. त्यातील हाइन्रिख हिमलरने झाल्या कृत्यांबद्दल खेद व्यक्त केल्याचे लोकांच्या निदर्शनास आले. जून २०२४ मध्ये युनेस्कोने ज्यूंचा वंशसंहार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच उपयोजनातला योझेफ गोबेल्स आपण या संहारात हेतुतः सामील नव्हतो, उलट ज्यूंवरील हिंसा रोखण्याचा आपण प्रयत्न केला असे सांगत होता, याकडे त्या अहवालाने लक्ष वेधले. नाझींनी ज्यूंना सामूहिकरीत्या बुडवून मारल्याची एक मोहीमच चॅटजीपीटीने कल्पनेने रचली, हेही त्या अहवालात नोंदलेले आहे.

कागद काय सांगतात? ४ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझन येथे हिमलरने आपल्या अधिकाऱ्यांपुढे जे भाषण केले त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ज्यूंच्या निर्मूलनाचा उल्लेख आहे, आणि तो खेदाचा नाही. आपल्या माणसांनी हे केले आणि तरी ती सभ्य राहिली याचा त्यात अभिमान आहे. गोबेल्सच्या रोजनिशीत मार्च १९४२ मध्ये पोलंडमधील ज्यूंच्या विनाशाची नोंद आहे. मे १९४५ मध्ये दोघांनीही आत्महत्या केली. न्यायासनासमोर उभे राहण्याचा प्रसंग दोघांवरही आला नाही. म्हणजे इतिहासाने जो पश्चात्ताप त्यांच्याकडून कधीच मिळविला नाही, तो यंत्राने त्यांना फुकट बहाल केला.

असे का व्हावे? यंत्राला नाझींविषयी सहानुभूती आहे म्हणून खासच नाही. त्याला सौम्य बोलण्याचे वळण लावलेले आहे, आणि आजच्या सभ्य माणसाने अशा कृत्यांबद्दल बोलावे ते खेदानेच, हा त्याच्या सामग्रीतील प्रबळ संकेत आहे. पात्राच्या स्वभावावर निवेदकाच्या सुराने मात केली. नाट्यात हा औचित्यभंग ठरला असता. समीक्षकाने ‘पात्र लेखकाच्या तोंडून बोलते’ असा दोष दाखवून काम भागविले असते. येथे औचित्यभंगाचे रूपांतर अन्यायात होते. पश्चात्ताप ही जगात सर्वांत अहस्तांतरणीय गोष्ट आहे. एकाने दुसऱ्याच्या वतीने तो करता येत नाही. मारेकऱ्याला खोटा पश्चात्ताप देणे म्हणजे मारल्या गेलेल्यांचा गाऱ्हाणे सांगण्याचा हक्क हिरावून घेणे होय.

आणि या अन्यायाचा कर्ता कोण? उपयोजन करणारा म्हणेल, मी हे वाक्य लिहिलेले नाही. ज्यांच्या लेखनावर यंत्र पोसले गेले ते म्हणतील, आम्ही असे काही म्हटले नाही. यंत्राला तर ‘मी’ या शब्दामागे उभे राहणारे कोणी नाही. एखाद्या इतिहासकाराने हेच लिहिले असते तर त्याला जाब विचारता आला असता, त्याची विद्वत्ता पणाला लागली असती, प्रसंगी त्याला क्षमा मागावी लागली असती. खोट्या साक्षीचा दोष निदान साक्षीदाराला लागतो. येथे खोटे आहे आणि खोटारडा नाही. वडावर यक्ष आहे, पण तो मी पाहिला असे म्हणणारा कोणी नाही.

६

आतापर्यंतच्या विवेचनावर सर्वांत वजनदार आक्षेप घेता येईल तो ज्ञानाच्या मक्तेदारीसंबंधीचा. साधनचिकित्सेची ही सारी प्रतिष्ठा काही मोजक्यांनाच परवडणारी होती. पेशवे दफ्तरातील कोट्यवधी कागद मोडीत. त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले खरे, पण ते किती गावांपर्यंत पोचले? तालुक्याच्या ठिकाणी शिकणारी, घरात पुस्तक नसलेली, प्रश्न विचारला तर हसतील या धाकाने वर्गात गप्प बसणारी मुलगी रात्री यंत्राला निःसंकोचपणे प्रश्न विचारते आणि तिला तिच्या भाषेत, न हिणवता उत्तर मिळते. ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी ग्रंथालयांची दारे शतकानुशतके बंद पाहिली, त्यांना आप्तवाक्याची महती सांगणे हे नव्या वेषातील जुनेच पौरोहित्य नव्हे काय?

या आक्षेपापुढे गप्प बसण्यापेक्षा जोतीराव फुल्यांकडे जाणे श्रेयस्कर. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवरचा पवाडा प्रसिद्ध केला आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’. हा दुसरा ग्रंथ धोंडीराव आणि जोतीराव यांच्या संवादाच्या घाटात लिहिलेला आहे, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. वरवर पाहता हीही प्रश्नोत्तरीच : एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे. परंतु जोतीराव ज्या सामग्रीला हात घालतात ती दशावताराची, म्हणजे निव्वळ ऐतिह्याची. मूळ वक्ता नसलेल्या, म्हणून कोणीच प्रश्न न विचारलेल्या प्रवादाची. त्यांचा प्रहार असतो तो नेमका या अनिर्दिष्टतेवर. ही कथा कोणी रचली? कोणाच्या फायद्यासाठी? ती ऐकून कोणाचे हात बांधले गेले? ज्ञानाची मक्तेदारी त्यांनी मोडली ती ‘कोण बोलतो’ हा प्रश्न सोडून देऊन नव्हे. तो प्रश्न प्रथमच पुरेशा निर्भयपणे विचारून. आणि उत्तर देणारा जोतीराव आपल्या नावानिशी उभा राहतो. ‘गुलामगिरी’तील अनेक ऐतिहासिक विधाने आज तशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत; पण ती जोतीरावांची आहेत म्हणून त्यांच्याशी वाद घालता येतो, त्यांतून त्यांच्या काळाची वेदना वाचता येते.

वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगताना ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले आहे. ज्याने वस्तू जाणली आणि जो ती जशी जाणली तशी सांगू इच्छितो, तो आप्त. जन्माचा त्याच्याशी संबंध नाही. शत्रूच्या छावणीतला काशीराज आप्त असू शकतो. १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही विद्यार्थिनी आप्त आहे, आणि ती ज्याविषयी बोलते त्याविषयी तिच्याहून मोठा आप्त नाही. आप्ताचा आग्रह हा उच्चवर्णीयांचा आग्रह नव्हे. उलट ज्यांचे आवाज संख्येने थोडे आहेत, त्यांना संभवाच्या सरासरीत बुडू न देण्याचा तोच एक उपाय आहे. ज्याच्याविषयी पुष्कळांनी लिहिले त्याचे म्हणणे संभवनीय ठरते. मुक्ता साळवेसारखा एकुलता आवाज सरासरीत विरून जातो. तालुक्याच्या गावातील त्या मुलीला यंत्र उत्तर देते हे खरे. पण तिच्यासारख्याच एका मुलीने पूर्वी काय लिहून ठेवले, ते त्या मुलीच्या आवाजात तिच्यापर्यंत पोचले की नाही, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून यंत्राकडे पाठ फिरवा, असा उपदेश करण्याचा येथे हेतू नाही. तसा उपदेश कोणी ऐकणारही नाही. यंत्राचे वाक्य कोणत्या कोटीत ठेवायचे एवढाच विवेक हवा. वाचस्पतिमिश्राचा निकाल येथे तंतोतंत लागू पडतो. ते वाक्य ऐतिह्य आहे. म्हणून ते संशयाचे स्थान आहे, ज्ञानाचे नव्हे. संशय ही मात्र तुच्छ वस्तू नाही. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशयाची गणना आहे, कारण त्याच्यावाचून शोधाला आरंभ होत नाही. यंत्राने सांगितलेली गोष्ट ‘हे कोण म्हणतो?’ या प्रश्नाशी आणून सोडत असेल, त्या प्रश्नापाठी वाचक एखाद्या पत्रापर्यंत, बखरीपर्यंत, रोजनिशीपर्यंत जात असेल, तर ऐतिह्याने आपले काम केले. तो प्रश्न विचारण्याची सवयच मोडली, तर मात्र उत्तरे कितीही बिनचूक मिळोत, आपण इतिहासातून पुन्हा प्रवादात परतलेले असू.

‘गुलामगिरी’तला धोंडीराव नुसताच ऐकत नाही. तो शंका काढतो, अडवतो, पुन्हा विचारतो. आज जोतीरावाच्या जागी यंत्र बसले आहे आणि त्या जागी प्रत्यक्षात कोणीच नाही, हे एकदा ओळखले म्हणजे धोंडीरावाची जबाबदारी दुप्पट होते : विचारायचेही त्यानेच, आणि उत्तराची शहानिशा करण्यासाठी उठून वडाखाली जायचेही त्यानेच. मेलेल्यांविषयी जिवंतांचे जे ऋण असते, त्यातला निदान एवढा भाग दुसऱ्या कोणावर सोपविता येत नाही.